किड्याची साक्ष

मोडेना,
१४ जानेवारी २०१०

प्रिय ओलिंदोदादा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघून म्हटलं, कोण गेलं. आपल्या घरात पत्रं तेवढ्यासाठीच येतात. उघडून पाहिलं तर सगळे जिवंत, वर एप्रिलमध्ये बाबांच्या तलवारीच्या तालमीला पन्नास वर्षं होणार म्हणून सोहळा. ऐकून खरंच आनंद झाला. तुझा गुडघा आता कसा आहे? रोझाल्बावहिनीला सांग, नाताळातल्या तोर्तेलिनी पोचल्या आणि दोन दिवसांत संपल्या. ती दर वर्षी तुझ्या नकळत पाठवते. आता तुला कळलं, पण तिला बोलू नकोस.

इकडे थंडी फार आहे. ग्रंथालयातल्या दुरुस्तीच्या खोलीत खळ वाळत नाही, म्हणून माझी सगळी कामं मागे पडली आहेत. बाकी ठीक.

आता तुझ्या कामाचं. बाबांचं पुस्तक तू नव्याने काढतो आहेस आणि प्रस्तावना मी लिहावी म्हणतोस. तुझेच शब्द: "दोन पानं पुरेत. तुझ्या नावामागे डॉक्टर लागलं की विद्यापीठवाले गप्प बसतील. पाठफेरावर जरा चांगलं लिही." दादा, दोन पानं काय, मी वीस लिहीन. पण पाठफेरावर चांगलं मला लिहिता येणार नाही.

पाठफेर तुला शिकवण्याइतकी मी मोठी नाही. तू तो चाळीस वर्षं करतो आहेस. तरी एकदा साध्या शब्दांत मांडते. दोन माणसं तलवारी उपसून समोरासमोर उभी आहेत, जिवावर बेतलेलं आहे, आणि त्यातला एक मध्येच समोरच्याला पाठ दाखवतो, स्वतःभोवती गर्रकन फिरतो आणि काखेखालून मानेवर वार करतो. चारशे वर्षांपूर्वीचा मेस्त्रो फ्लोरियानो, हा माणूस साठ वर्षं तलवारीवर जगला आणि अंथरुणात मेला. त्याने हे शिकवलं असेल? बाबा म्हणाले शिकवलं, कारण त्याच्या पोथीत लिहिलंय. एकोणिसावं पान संपतं ते असं: "त्याची तलवार झटकून डावा पाय पुढे टाक, आणि". विसावं पान सुरू होतं: "खांदे असे फिरव की सर्वांना तुझी पाठ दिसावी". झाला पाठफेर. त्यावर बाबांचं पुस्तक, त्यावर तालीम, त्यावर दाराच्या वरचं चिन्ह.

गेल्या शरदात ती पोथी दुरुस्तीसाठी माझ्या टेबलावर आली. तिच्यात किड्याचा बोगदा आहे, मागच्या पानांकडून पुढे आलेला. बोगदा तिरका आहे, म्हणून प्रत्येक पानावर भोक केसभर खाली सरकतं. पानामागून पान उलटत गेलं की ते सरळ जिना उतरावा तसं उतरतं. फक्त विसाव्या पानावर ते तीन पायऱ्या खाली उडी मारतं आणि तेविसाव्यावर तीन पायऱ्या वर. ही दोन पानं अदलाबदल केली की जिना पुन्हा सरळ. किड्याने पोथी खाल्ली तेव्हा पानं बरोबर क्रमाने होती. नंतर कुठल्या तरी बांधणाऱ्याने ती सुटी केली आणि शिवताना दोन पानांची जागा चुकवली.

खरं विसावं पान असं सुरू होतं: "मूठ छातीपाशी आण आणि टोक त्याच्या तोंडासमोर ठेव". साधा, शहाणा, कंटाळवाणा डाव. आणि पाठ दाखवण्याचं पान जातं बाविसाव्याच्या नंतर, जिथे खेळ संपल्यावर लोकांसमोरून डौलात परत कसं फिरायचं ते लिहिलंय. लढाईतला डाव नाही तो, दादा. लढाई संपल्यावरचा मुजरा आहे.

प्रस्तावना लिहीन तर हेच लिहीन. तुला ती नको असेल तर एप्रिलच्या सभेत निबंध म्हणून वाचीन. बोलावलेल्या पाहुण्यांत माझं नाव तूच घातलं आहेस.

वहिनीला प्रेम.

तुझी,
निवेस


मोडेना,
२ फेब्रुवारी २०१०

ओलिंदोदादा,

तुझं उत्तर मिळालं. रागाने लिहिलंस तरी अक्षर सुरेख आलंय, त्याबद्दल अभिनंदन. इकडे धुकं आहे, मी बरी आहे, विचारलं नाहीस तरी सांगते.

तू लिहितोस, तालीम बाबांनी मला न देता तुला दिली म्हणून मी सव्वीस वर्षं जळते आहे. स्वतः सोडून गेले आणि आता सोहळ्यात खडा टाकायला आले. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, एवढी अक्कल शिकलेल्या बाईला नसावी. आणि शेवटी ठळक अक्षरात: "पुस्तकी किडा किड्याचीच साक्ष काढणार. तलवार हातात धर आणि मग बोल. माझ्या पाठफेरावर मला मारून दाखव, दहातले पाच, मग सभेत काय हवं ते वाच."

शेवटच्या वाक्यासाठी तुला सगळं माफ. आपल्या लोकांची हीच तर खरी रीत: पोथीत काय आहे ते वाचायचं आणि मग न ऐकणाऱ्या माणसावर करून बघायचं. शिष्य सगळे तुझ्यासमोर नम्रपणे मार खातात, म्हणून पाठफेर इतकी वर्षं टिकला. मी येते. रविवारी २१ तारखेला सकाळी अकरा वाजता. बोथट पाती, पूर्ण कपडे, मोजायला बाबांच्या वेळचे तुलिओकाका. त्यांचे डोळे अजून चांगले आहेत ना? तालमीतली पाती त्यांच्याइतकी कुणी ओळखत नाही.

मी सराव सोडलाय असं समजू नकोस. दर गुरुवारी संध्याकाळी इथल्या शाळेच्या व्यायामशाळेत आम्ही अकरा बायका तलवार खेळतो. सगळ्यांत तरुण एकतीसची, सगळ्यांत म्हातारी मी नाही.

आता एक गोष्ट. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. भोक मला गेल्या शरदात दिसलं नाही. ते मी १९८४ साली पाहिलं.

मी चोवीस वर्षांची होते. बाबांच्या चिठ्ठीवर मला पोथी हाताळायला मिळायची. मार्चचा महिना. मी पानापानावरच्या भोकाची जागा पातळ कागदावर छापून घेतली आणि रविवारी तो कागद घेऊन घरी आले. आई मावशीकडे होती. बाबा स्वयंपाकघरात सूप पीत होते. तू बाहेरच्या खोलीत हातमोजा शिवत होतास. मी म्हटलं, "बाबा, हे पान इथलं नाही."

त्यांनी चमचा खाली ठेवला. कागद उजेडात धरला. त्यांचा उजवा खांदा हलला, बसल्या बसल्या. ते डाव करून बघत होते, नवीन क्रमाने. त्यांना पटलं होतं, दादा. मी त्यांची मुलगी आहे, मला त्यांचा खांदा वाचता येतो.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"मग नको सांगूस. निवे, त्या पानावर तालीम उभी आहे."

"चुकीच्या पानावर उभी आहे."

"आणि बरोबर पानावर कोण आलं असतं इथे? मूठ छातीशी, टोक पुढे. ते काय, गल्लीगल्लीत शिकवतात."

"मी शनिवारी वर्गात सांगणार आहे."

"मग शनिवारी येऊ नकोस," ते म्हणाले आणि पुन्हा चमचा उचलला.

मला वाटलं, रागाने बोलले, उतरेल. शुक्रवारी मी तालमीत गेले. माझा खिळा रिकामा होता. माझा जाळीचा मुखवटा पोत्यात घालून जिन्याखाली, पहारेकरीणबाईच्या खोलीत ठेवलेला. तिने तो हातात दिला. तालमीचा नियम तुला सांगायला नको. मुखवटा खिळ्यावर असेपर्यंत माणूस तालमीचा. जायचं असेल तर स्वतःच्या हाताने उतरवायचा, दुसऱ्याच्या मुखवट्याला कुणी बोट लावायचं नाही, मास्तरनेसुद्धा नाही. हा नियम बाबांनी केलेला. तो त्यांनी माझ्यासाठी मोडला. शनिवारी येऊ नकोस हे मी गिळलं असतं. रिकामा खिळा मला गिळता आला नाही. म्हणून वर जाऊन बाबांचं दार वाजवलं नाही, आणि मोडेनाची गाडी पकडली.

तर मी सोडून गेले नाही, मला काढलं. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण तुझ्या डोळ्यांतले बाबा मला खराब करायचे नव्हते. आणि खरं सांगायचं तर मी भ्याले. डॉक्टरेट दुसऱ्याच विषयावर घेतली. कुणी पाठफेराबद्दल विचारलं की हसून चहा मागवायची. बाबा आहेत तोवर नको, असं स्वतःला समजावत होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. आता मला कुठलं निमित्त उरलेलं नाही.

रविवारी भेटू. जेवायला थांबणार नाही, वहिनीला त्रास नको.

निवेस


मोडेना,
२३ फेब्रुवारी २०१०

दादा,

नमस्कार वगैरे आज नाही.

रविवारी जे झालं ते तुला लिहून कळवण्याची गरज नाही, तू तिथे होतास. तरीही लिहिते. तू दहा वेळा माझ्याकडे पाठ केलीस, त्या वेळी तुला जे दिसलं नाही ते कुणीतरी तुला सांगायला हवं.

पहिल्या वेळी तू फिरलास तेव्हा भिंतीला टेकून उभी असलेली तुझी वीस-बावीस मुलंमुली हसायच्या तयारीत होती. मी काहीच विशेष केलं नाही. मूठ छातीपाशी आणली, टोक पुढे ठेवलं. तू फिरता फिरता स्वतःच त्याच्यावर आलास. तुझ्या जाकिटाची मागची शिवण उसवली आहे, तिथेच लागलं. ज्याला लागतं त्यानेच म्हणायचं, तसं तू मोठ्याने म्हणालास, "लागला." तुलिओकाका म्हणाले, "एक." दुसऱ्या वेळी तू जास्त वेगात आलास. माझ्या मनगटाला झिणझिण्या आल्या, तू मला मारलंस, मी म्हटलं, "लागला." तिसऱ्या वेळी पुन्हा शिवण. चौथ्या वेळी मुलांचं हसणं थांबलं. पाचव्या वेळी तुझी मान पूर्ण उघडी होती आणि तिथलं टक्कल बघून मला बाबांची आठवण आली. मी क्षणभर थांबले आणि तू मला सरळ खांद्यावर दिलंस. बरं केलंस. त्यानंतर मी थांबले नाही.

सात मी, तीन तू. सत्तावन्न वर्षांचा माणूस, एक गुडघा वाईट, आणि तरी दहातले तीन. समोरच्याला पाठ दाखवून इतक्या वेळा मारणारा माणूस मी पाहिला नाही. हे मी त्या खोलीतच बोलणार होते. पाठफेर फ्लोरियानोचा नसला तरी खोटा नाही. बाबांनी तो चुकीच्या पानातून काढला आणि तू चाळीस वर्षांत तो माणसाला मारता येईल असा केलास. मनात सगळं जुळवलं होतं: निबंधात पाठफेराला तुमच्या दोघांचं नाव द्यायचं, म्हणायचं की हा डाव १९६० साली बोलोन्यात जन्मला आणि त्याला चारशे वर्षं जुना बाप चिकटवायची गरज नाही.

सातही वेळा तू लगेच "लागला" म्हणालास. मी काही न विचारता. मुलांसमोर. ते ऐकताना मला वाटलं, हा माझा भाऊ आहे, आणि मी उगाच सव्वीस वर्षं अर्ध्या तासाच्या अंतरावर बसून राहिले.

मग कपड्यांच्या खोलीत तुलिओकाकांनी सांजोवेसे वाईनची बाटली उघडली. त्यांनी सरळ मनानेच काढला विषय. "मास्तर शेवटपर्यंत म्हणायचे," ते म्हणाले, "पोरीने मुखवटा नेला तो नेला, निदान निरोप तरी घ्यायचा."

मी म्हटलं, "नेला कुठे? त्यांनीच काढला ना."

"मास्तरांनी? दुसऱ्याचा मुखवटा?" काकांनी ग्लास खाली ठेवला. "काहीतरीच बोलू नकोस, पोरी. ते मेले असते पण तसं केलं नसतं."

तू बुटाची नाडी सोडत होतास. मान वर न करता म्हणालास, "मी काढला."

"का?"

"शनिवारी तू बोलली असतीस."

"आणि बाबांना काय सांगितलंस?"

"म्हटलं, तीच घेऊन गेली."

एवढंच बोललास. माफी मागितली नाहीस. मी पिशवी उचलली आणि स्टेशनवर आले. काका जिन्यापर्यंत मागे आले होते, त्यांच्याशीही नीट बोलले नाही. त्यांना माझ्या वतीने सांग की राग त्यांच्यावर नव्हता.

आज दोन दिवसांनी बोलते.

तू हातमोजा शिवत सगळं ऐकलंस. तू एकतीस वर्षांचा होतास. बाकी सगळ्या डावांत तू बेताचा होतास, हे बाबांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि तुला सगळ्यांत जास्त माहीत होतं. पाठफेरात मात्र तुला तोड नव्हती. शनिवारी वर्गात दोन वाक्यं बोलून मी तुझ्याकडचं होतं नव्हतं ते काढून घेणार होते. हे मला कळतं. कळतं म्हणून रात्रंदिवस स्वतःला समजावून पाहिलं. नाही जमलं. तू घाबरला असतास तर माझ्याकडे यायचं होतंस, भांडायचं होतंस, आपण लहानपणी कमी मारामाऱ्या केल्या नाहीत. तू खिळ्यापाशी गेलास.

आणि वर पत्रात मलाच लिहितोस की मी सोडून गेले, जळते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. स्वतः उतरवलेल्या मुखवट्याचा ठपका माझ्यावर ठेवलास. त्या पत्रातलं अक्षर किती सुरेख होतं.

सगळ्यांत वाईट काय, ते सांगू? मी बाबांवर रागावले होते. त्यांच्या आजारपणात एकदाच आले, उभ्या उभ्या. खुर्ची पुढे केली तर बसले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सराव चालू आहे ना?" मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय." त्यांना वाटत होतं मी त्यांना टाकून गेले, मला वाटत होतं त्यांनी मला टाकलं, आणि ज्याला खरं माहीत होतं तो उशीला अभ्रा घालत होता. दफनाला मी मागच्या रांगेत उभी राहिले. त्यानंतर एकदाही तिकडे गेले नाही. सव्वीस वर्षं मी चुकीच्या माणसावर रागावले, दादा. ते आता परत करता येत नाही, आणि हे मी तुला माफ करत नाही. कदाचित कधी करीन. आज करत नाही.

आता १७ एप्रिलचं. तुझी अट होती दहातले पाच. मी सात घेतले. तेव्हा सभेत मी वाचणार. पानं चुकीची शिवणाऱ्या त्या बांधणाऱ्यापासून सुरुवात करीन, किडा कुठून कुठे गेला ते पडद्यावर दाखवीन, बाबांना कागद बघताबरोबर कळलं होतं हे सांगीन, कारण ते त्यांच्या हुशारीचं आहे आणि लोकांना माहीत व्हायला हवं. मी सव्वीस वर्षं गप्प बसले, तेही वाचीन, स्वतःच्या नावाने. पाठफेर तुमच्या दोघांचा, असंही म्हणेन, कारण ते खरं आहे आणि माझ्या रागाने ते बदलत नाही. तुझे शिष्य तालीम सोडून जातील अशी तुला भीती असेल, तर रविवारचे त्यांचे चेहरे तू पाहिले नाहीस, तू पाठमोरा होतास. शेवटच्या तीन वेळा ती सगळी पोरं भिंत सोडून पुढे आली होती. मी निघताना एक मुलगी जिन्यात गाठून विचारत होती की मी सुरुवातीला सांगितलेलं ते पोथीतलं भोक मोजायचं कसं.

दाराला कुलूप घालायचं मनात आणलंस तर खुशाल घाल. मी खाली रस्त्यावरच्या कमानीत उभी राहून वाचीन. तिथे आवाज जास्त घुमतो आणि ऐकायला तिकीट लागत नाही.

प्रस्तावनेची दोन पानं सोबत पाठवते आहे. छापायची तर एक शब्द न बदलता छाप, नाहीतर परत पाठव.

मुखवट्याबद्दल मी सभेत काहीही बोलणार नाही. ते माझ्या निबंधात नाही. ते तुझं आहे. माझं वाचून झालं की तू उभा राहा आणि तुलिओकाकांसमोर, तुझ्या मुलांसमोर, वहिनीसमोर एकच वाक्य बोल. सात वेळा जसं बोललास तसंच, मोठ्याने, कुणी विचारायची वाट न बघता. मी पुढच्या रांगेत बसलेली असेन. तू बोलेपर्यंत उठणार नाही. सभा संपू दे, दिवे जाऊ देत, खुर्च्या उचलल्या जाऊ देत.

तुझी धाकटी बहीण, जी सोडून गेली नव्हती,
निवेस झानारीनी